पोटऱ्यांतला डाव

इंद्रजित चौगुलेनं आधीच बजावलं होतं, "फेटा बांधा, हार घाला, पण बॉल आणू नका."

"भारताकडनं खेळलास आणि बॉलाशिवाय सत्कार? अख्खी पेठ आमच्या तोंडात शेण घालंल," तालमीचे वस्ताद म्हणाले. सत्कारमूर्तीच्या घरातल्या सगळ्यात धाकट्यानं बॉलला पाय लावायचा, ही तालमीची रीत. त्यांनी बॉल इंद्रजितच्या चार वर्षांच्या रेवापुढं ठेवला.

बॉल समोरच्याकडे गेला, की पाच सेकंदांत अंगावर धावून जाऊन तो हिसकावायचा, हा राष्ट्रीय फुटबॉल संघाचा डाव. तो कुणाच्या मर्जीवर सोडलेला नव्हता. अकराही जणांच्या पोटऱ्यांत शस्त्रक्रिया करून बसवला होता. स्पर्धा संपल्यावर काढायचा होता, पण तोवर तो नसांत मुरला आणि डॉक्टरांनी हात टेकले.

रेवानं बॉलला पाय लावला. इंद्रजितचे पाय उठले.

"वस्ताद, उचला तिला!" तो ओरडला. त्यानं खुर्ची घट्ट धरली, तर खुर्चीही फरफटत आली. माणसं शिट्ट्या मारू लागली. त्यांना वाटलं, गडी रंगात आला. पुढच्याच क्षणी रेवा मातीत पडली होती, बॉल त्याच्यापाशी होता आणि पाय पुन्हा त्याचे झाले होते.

तो खाली बसून तिच्या खरचटलेल्या कोपरावर फुंकर घालू लागला. रेवानं डोळे पुसले. कधी नव्हे ते बाबा आपल्याशी खेळले, म्हणून ती हसली आणि तिनं बॉल हळूच स्वतःकडे ओढला.

"बाबा, आता परत घ्या."

त्याच्या पोटऱ्या ताठ झाल्या होत्या.