पाच प्रश्न, दुसऱ्यांदा

“वाईट,” काकू म्हणाल्या.

संशोधक मुलीचं पेन कागदावरच अडलं. पंधरा दिवसांपूर्वी याच खुर्चीत बसून काकूंनी याच प्रश्नाला “उत्तम” असं ठणकावून सांगितलं होतं. तब्येत उत्तम, झोप उत्तम, जिना चढायला काही त्रास नाही. ओझं उचलता येतं का, या प्रश्नाला तर त्या चक्क हसल्या होत्या. आज पाचही उत्तरं घसरली.

दवाखान्यातली जुनी प्रश्नावली चांगली सहा पानी. आजारी माणूस ती भरता भरता आणखी आजारी पडायचा. तिच्या जागी या मुलीनं दोन वर्षं खपून पाच प्रश्न घडवले होते. मोठ्या डॉक्टरांची अट साधी होती. शरीर तेच असेल, तर पंधरा दिवसांनी उत्तरही तेच यायला हवं. नाहीतर प्रश्न कचऱ्यात. आणि काकूंना दोन्ही वेळा डॉक्टरांनी स्वतः तपासलं होतं. गुडघे तेव्हाही झिजलेले, आजही तेवढेच. कंबर तेव्हाही धरलेली, आजही धरलेली.

“काकू, मागच्या वेळी मला बरं वाटावं म्हणून तसं सांगितलंत का?” तिचा आवाज नको तितका रडवेला झाला.

“छे गं! खोटं कशाला बोलू? तेव्हा खरंच काही दुखत नव्हतं.”

“मग मधल्या दिवसांत काय झालं? कुठे पडलात का?”

“मी कुठली पडतेय! माझा भाऊ उठला. शिडीवरून कोसळला तेव्हापासून अंथरुणावर होता बिचारा. त्याला उचलायचं, बसवायचं, आंघोळ घालायची, सगळं मीच. घरात दुसरं आहे कोण?”

मुलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाई एवढीशी, खुर्चीत बसल्यावर पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. या गुडघ्यांवर तिनं एक अख्खा माणूस महिनोन्‌महिने पेलला होता आणि वर “उत्तम” म्हणून मोकळी झाली होती. आपल्या प्रश्नांत एक कमी आहे, हे मुलीला कळलं. घरी कोणाचं करावं लागतं? डॉक्टर या सहाव्या प्रश्नाला हो म्हणोत की नाही, तो विचारल्याशिवाय ती आता कोणाचीच तब्येत लिहून घेणार नव्हती.

“परवा भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत आला,” काकू कौतुकानं सांगत होत्या. “म्हणतो, ताई, तू बस आता. बसले. तर गुडघ्यांनी अशी काही बोंब ठोकली म्हणतेस! कंबरेनंही लगेच री ओढली.”

“मग काय केलंत?”

काकू गुडघ्यांवरून हात फिरवत हसल्या.

“काय करणार? म्हटलं, दुखा बाबांनो. आता खुशाल दुखा.”