रिकाम्या हातांची गिऱ्हाइकं

“आता थोरल्या बाई बोलतील,” चष्मेवाले काका म्हणाले, आणि थोरली घसा साफ करून उभी राहिली.

किनाऱ्यावरच्या त्या गल्लीत नवं दुकान आलं की त्याला एक हंगाम चालू द्यायचं आणि मग सगळ्या दुकानदारांनी बसून, हात वर करून ठरवायचं, की ठेवायचं की काढायचं. आजची बैठक ज्या दुकानासाठी होती ते इलेक्ट्रॉनिक्सचं होतं. थोरलीच्या शंख-शिंपल्यांच्या दुकानाला अगदी खेटून. आणि ते चालवणारी होती तिची सख्खी धाकटी जाऊ.

“माणसं इथं येतात कशाला?” थोरलीने सुरुवात केली. “समुद्र बघायला. घरची कटकट विसरायला. फिरायला आलेला माणूस इस्त्री विकत घेतो का कधी?”

सगळे हसले. धाकटी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. ती हळूच म्हणाली, “इस्त्री नाही ठेवत मी. चार्जर, बॅटऱ्या, कॅमेऱ्याची कार्डं...”

“तेच ते.”

खरं सांगायचं तर थोरलीचं दुखणं इस्त्रीचं नव्हतंच. धाकटी लग्न होऊन घरात आली तेव्हापासून ते सुरू होतं. थोरलीने वर्षानुवर्षं केलेला चहा सासरे मुकाट्याने प्यायचे. धाकटीने पहिल्यांदा केला आणि म्हणाले, “वा!” तो ‘वा’ थोरलीच्या कानात अजून बसला होता. त्यात हिने दुकान थाटलं, तेही भिंतीला भिंत लावून. सकाळी शटर वर गेलं की हिच्या दारात ही गर्दी! माणसं वायरी नाचवत आत शिरायची, “बाई, वाचवा हो,” म्हणायची, जशी काही हीच गावातली डॉक्टर. थोरली शंखांवरची धूळ झटकता झटकता बघत राहायची आणि नुसती जळायची. शंख बघून “वाचवा” कोण म्हणणार?

पण आज तिच्याकडे हुकमाचा पत्ता होता.

“माझी गिऱ्हाइकं बघा,” ती म्हणाली. “या हंगामात माझं दुकान कसं चाललंय, सगळ्यांना माहीत आहे. आणि माझ्याकडे येतो त्याच्या हातात फोनसुद्धा नसतो! निवांत येतात, एकेक शंख कानाला लावतात, गप्पा मारतात, घेऊन जातात. लोकांना तेच हवंय. फोनपासून सुटका. असल्या ठिकाणी फोनचंच दुकान काय कामाचं?”

यात खोटं काहीच नव्हतं. यंदा तिच्याकडे येणारी माणसं खरोखरच मोकळ्या हातांनी यायची. एकच खोड होती त्यांची. मधूनमधून “किती वाजले हो?” विचारायची. शेवटी थोरलीने भिंतीवर मोठं घड्याळ लावलं होतं. तेसुद्धा धाकटीकडून न घेता मुद्दाम दुसऱ्या गावाहून आणून.

धाकटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग सगळ्यांकडे एकदा बघितलं, थोरलीकडे बघितलं आणि पदर सावरून बसली.

हात वर झाले. काकांनी मोजले. हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे सारखेच निघाले. घरचंच माणूस, उगाच वाईट दिसायला नको, म्हणून थोरलीने आपला हात अजून खालीच ठेवला होता. आता सगळे तिच्याकडे बघू लागले.

“जाऊबाई,” धाकटीने विचारलं, “तुम्हालाही नकोय का मी इथं?”

“तू नकोस असं कोण म्हणतंय? दुकान नको.”

आणि थोरलीने हात वर केला.

आठवडा संपायच्या आत धाकटीने सामान आवरलं. पार पलीकडे, चढण चढून गेल्यावर जो बसथांबा आहे, त्याच्याजवळ तिला एक खोली मिळाली. शेजारचं शटर खाली आलं ते आलंच. थोरलीला त्या दिवशी इतकं हलकं वाटलं, की तिने सगळे शंख धुवून पुसून नव्याने मांडले.

मग गिऱ्हाइकांची वाट बघत बसली. माणसं गल्लीतून जायची, पण प्रत्येकाच्या हातात फोन. दारातूनच शंखांचा फोटो काढायची आणि पुढे सरकायची. आत कोणी पाऊल ठेवीना. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला थोरलीशिवाय कोणी नव्हतं. “जाताना नजर लावून गेली,” ती नवऱ्याला म्हणाली. नवऱ्याने भावजयीची बाजू घेतली नाही आणि बायकोचीही घेतली नाही. तो नुसता जेवत राहिला.

एका दुपारी मात्र दारात एक बाई उभ्या राहिल्या. घामाघूम, धापा टाकत, हात मोकळे. थोरलीचा जीव भांड्यात पडला.

“या, या! बसा आधी. फार लांबून आलात का?”

“बसथांब्यावरून. किती वाजले हो?” बाईंनी भिंतीकडे बघितलं. “हां, आहे वेळ. फोन चार्जिंगला ठेवलाय ना तिथं. त्या दुकानवाल्या बाई म्हणाल्या, इथं ताटकळत कशाला बसता, खाली माझ्या जाऊबाईंचं दुकान आहे, तेवढं बघून या. सगळ्यांनाच सांगतात म्हणे, पण एवढ्या उन्हात कोण चालतंय! तुम्हीच का त्या?”

थोरलीने मान हलवली. हातातला शंख कुठं ठेवायचा ते तिला सुचेना.

“मनाने फार चांगल्या आहेत हो,” बाई एक माळ गळ्याला लावून बघत म्हणाल्या. “आधी इथं शेजारीच होत्या ना त्या? मग कशाला हलवलं दुकान?”