येबोआची गॅसकेट टिकते

येबोआला लाज म्हणून नव्हती. उस्ताद बोआदूच्या ज्या अंगणात सहा वर्षं जेवला, जिथे पाना धरायला शिकला, त्याच्याच समोर रस्त्यापलीकडे त्याने स्वतःचं गॅरेज थाटलं. सुआमेच्या एवढ्या मोठ्या गॅरेजवस्तीत त्याला दुसरी जागा सापडली नाही! वर रोज रस्ता ओलांडून यायचा आणि दात काढून विचारायचा, "मामे, बऱ्या आहात ना?" एक दिवस मामे दुफीने चारचौघांत सुनावलं, "तुझी सावली माझ्या पायरीवर पडता कामा नये." तेव्हापासून तो लांबूनच मान लववायचा. त्याचाही तिला राग यायचा.

नवरा बोआदू जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. तिच्या अंगावर काळं कापड होतं. कच्ची केळी सोलत ती अंगणात बसायची आणि समोरच्या गाड्या मोजायची. त्याच्या दारात चार, कधी पाच. हिच्या दारात बकरी. दुकान आता कुसीकडे होतं, तिच्या एकुलत्या एक मुलाकडे. पाने तेच, पाटीवर बापाचं नाव तेच. पण कुसीने इंजिनाच्या हेडखाली, म्हणजे वरच्या झाकणाखाली, बसवलेली गॅसकेटची चकती महिनाभरात जायची. इंजिन पांढरा धूर ओकायचं, पाणी ऑइलमध्ये उतरायचं आणि गिऱ्हाईक मुकाट्याने रस्ता ओलांडायचं. येबोआची गॅसकेट टिकायची.

"मरताना त्यांनी त्या परक्याच्या कानात काहीतरी सांगितलंय," दुफी म्हणायची. "पोटच्या पोराला कोरडं ठेवलं." बोआदूने दुसरी बायको आणली असती, तरी तिचा एवढा जळफळाट झाला नसता.

मग घरचीच व्हॅन बसली. टेचिमनच्या बाजाराला माणसं नेणारी, बोआदूची स्वतःची. कुसीने दोनदा हेड उतरवलं, दोनदा चढवलं. दोन्ही वेळा ती भर रस्त्यात उकळून उभी राहिली. उस्तादाच्याच गाडीची ही गत बघून उरलीसुरली गिऱ्हाइकंही गेली. आता तिसऱ्यांदा तसं झालं, तर बोआदूच्या दुकानाला कुलूप लागणार होतं.

दुफीने कुसीला काही न विचारता व्हॅन ढकलत येबोआच्या दारात नेली. सगळी गल्ली बघत होती. बघू दे. तिला ती कानातली गोष्ट हवी होती.

"मामे! बसा, बसा. टायर पुसून देतो."

"पाहुणचार पुरे. काम कर. मी बघणार आहे."

तिने बघितलं. पापणी न मिटता बघितलं. येबोआने हेड उतरवलं, लोखंडी पट्टी आडवी लावून वाक बघितला, लेथवर घासून आणलं. खालची जागा बोट फिरवून फिरवून साफ केली. नवी गॅसकेट ठेवली. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळले. कुसी अगदी असंच करायचा. एक फुंकर जास्त नाही की एक मंत्र जास्त नाही. दुफीचा जीव आणखीनच जळायला लागला.

संध्याकाळी येबोआने इंजिन लावलं, चांगलं तापू दिलं आणि बंद केलं. "आज गाडी इथेच राहू दे, मामे. पहाटे बोलवतो."

"का? काम झालं ना?"

"पहाटे या."

म्हणजे ते पहाटे होतं! दुफी बोलावण्याची वाट न बघता अंधारातच येऊन उभी राहिली. येबोआ आधीच इंजिनावर वाकला होता. गार इंजिनावर. तो एकेक बोल्ट किंचित सैल करत होता आणि पुन्हा आवळत होता. आदल्या दिवशी जिथे पाना अडला होता, त्याच्याही पुढे तो पाव फेरा सहज जात होता.

"काल ढिले ठेवले होतेस?"

"नाही, मामे. पूर्ण आवळले होते. पण एकदा तापलं की गॅसकेट दबते. गार झाल्यावर बोल्ट ढिले सापडतात. जुन्या इंजिनाला ही दुसरी आवळणी लागतेच, नाहीतर ते महिनाही काढत नाही."

दुफीच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "हीच ना ती गोष्ट? हीच तुला दिली आणि माझ्या पोरापासून लपवली. काय घातलं होतंस रे त्यांना खायला?"

येबोआने पाना खाली ठेवला. हात पुसले.

"उस्तादांनी काही लपवलं नाही, मामे. आवळणीच्या दिवशी ते पहाटे अंगणातून घराच्या दाराशी यायचे आणि कुसीला हाक मारायचे. मी मागे दिवा धरून उभा असायचो. आतून तुमचा आवाज यायचा. 'झोपू द्या माझ्या बाळाला. तो येबोआ आहे ना मरायला?'"

रस्त्यापलीकडे कुसीची खिडकी बंद होती.

"आणि इतके महिने तू गप्प बसलास?"

"तुम्ही पायरी चढू दिली नाहीत, मामे."

दुफीने काळं कापड खांद्यावर घट्ट ओढलं. मान खाली घालणं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"नालायक आहेस तू, येबोआ," ती म्हणाली. "बायकांच्या बंदीला घाबरतोस! पुढच्या आवळणीला कुसी इथे असेल. उठला नाही तर अंथरुणात बादली ओत. आणि मी आडवी आले, तर माझ्यावरही ओत."