पेटीतलं पाकीट

"तुमच्याच हातानं टाका," कुसाबाईंनी पाकीट नवऱ्यापुढं धरलं. "पासपोर्टचे कागद हायेत. पुढचं पुण्याचा एजंट बघतो म्हनला."

खंडेराव निवृत्त पोस्टमन. मखमलाबादची कुत्रीसुद्धा त्यांना ओळखून. लेक रूपाली मस्कतला, सातवा महिना लागलेली. आईला सहा महिन्यांसाठी तिकडं बोलावत होती. "मी काय त्या इमानात बसायचो नाय," असं खंडेरावांनी मागंच बजावलं होतं. त्यावर मायलेकींनी पुन्हा विचारलंही नाही. तेच त्यांना लागलं होतं.

सहा महिने. चहात साखर किती घालतात, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

ते सायकलवरून पोस्टापर्यंत गेले आणि दारातूनच फिरले. घरी येऊन माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या खाकी गणवेशाच्या घडीत पाकीट सरकवलं. उघडलं मात्र नाही. अडतीस वर्षांत लोकांच्या नोकऱ्या, लग्नं, मयती त्यांनी दारोदार पोचवल्या. दुसऱ्याच्या पाकिटाचा डिंक कधी सुटू दिला नाही.

"पावती?" संध्याकाळी कुसाबाईंनी विचारलं.

"ही काय." त्यांनी बहिणीला पाठवलेल्या पार्सलची जुनी पावती लांबूनच दाखवली.

कुसाबाई हसल्या. हल्ली त्या खुशीत असत. दिवाळीत रूपाली आली तेव्हा दोघी खरेदीला म्हणून दिवसभर गेल्या नि किलोभर पोहे घेऊन परतल्या. मागच्या महिन्यात त्यांनी नवऱ्याला फोटो स्टुडिओत ओढून नेलं, बँकेला हवेत म्हणून. दाढीसुद्धा करू दिली नाही.

तीन आठवडे गेले.

"एजंट म्हनतो, अजून काय आलं नाय."

"टपालच ते. लागतो वेळ."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी टपालाला नावं ठेवली.

मंगळवारी वाळू पोस्टमन आला. त्याला हा भाग खंडेरावांनीच हिंडून दाखवला होता.

"काकू, सही करा. पासपोर्ट आलाय तुमचा."

खंडेरावांनी चहाची बशी खाली ठेवली. "कसा आला?"

"स्पीड पोस्टानं," वाळू म्हणाला.

"दिवाळीतच दिलता अर्ज, रूपालीनं नेलतं मला," कुसाबाई सही करता करता म्हणाल्या. "तुमाला तवाच सांगितलं असतं तर जेवला नसता. तिकिटाला पुढच्या महिन्याची पंधरा तारीख धरलीय तिनं."

मग त्या पाकिटात काय होतं? विचारायचीही सोय नव्हती.

वाळू गेल्यावर खंडेराव माळ्यावर चढले. पाकीट बराच वेळ मांडीवर ठेवून बसले. मग दुसऱ्याच्या पाकिटाचा डिंक त्यांनी पहिल्यांदाच नखानं सोडवला.

आतल्या अर्जातून दोन फोटो मांडीवर पडले. दाढी वाढलेला, कपाळाला आठ्या घातलेला एक म्हातारा त्यांच्याकडंच रोखून बघत होता.