हौ साब

युद्धाचा जुना सिनेमा संपला. निरपराध गावकऱ्यांवर गोळी झाडायला नकार देणारा शिपाई पाहून केशवरावांनी डोळे पुसले.

"चुकीचा हुकूम आला की तोंडावर नाही म्हणायला छाती लागते, त्रिवेणी."

तेवढ्यात सोसायटीच्या अध्यक्षांचा फोन आला. केशवराव उभे राहूनच बोलले, "हौ साब... हौ... हौ."

फोन ठेवून बायकोला म्हणाले, "त्या रोशनी गायकवाडला कळव, अंबरपेठचा आपला फ्लॅट दुसऱ्याला दिला म्हणून. बौद्ध भाडेकरू नक्को म्हणतात अध्यक्ष."

"मी नाही कळवणार."

"नवऱ्याला तोंडावर नाही म्हणायला कुठं शिकलीस?"

त्रिवेणीने टीव्ही बंद केला.

"आत्ताच की. तुमच्याच शेजारी बसून."