फेरतपासणी

बायकांवरच्या घरगुती हिंसेच्या सर्वेक्षणासाठी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या घरांत अल्लीपूरच्या सरिताचं घर निघालं. तिचा नवरा कैलास वांगी घेऊन बाजारात गेल्याचं पाहूनच सर्वेक्षणाच्या इलाताई आल्या, दार लोटून बसल्या आणि हळू आवाजात एकेक प्रश्न विचारत गेल्या. शेवटी सरितानं पाठच उघडी करून दाखवली.

"फावड्याच्या दांड्यानं मारते. पण ताई, त्याले समजलं तं जित्ती नाई सोडणार मले."

"तुमचं नाव कुठंच येणार नाही," इलाताईंनी तिचा हात धरून सांगितलं. "फक्त फेरतपासणीसाठी एक फोन नंबर द्या."

घरात फोन एकच होता. तिनं तोच दिला.

दोन दिवसांनी कैलास जेवत असताना त्याचा फोन वाजला. "घरातल्या ताईंना देता का?" असं कुणी बाई म्हणाली, तेव्हा त्यानं स्पीकर लावून फोन सरितापुढं ठेवला.

"ताई, तुमच्या उत्तरांची खात्री करायची होती. नवरा फावड्याच्या दांड्यानं मारतो, असं तुम्ही सांगितलंय. बरोबर ना?"



कैलास ताटावरून उठला, दाराची कडी लावली, कोपऱ्यातलं फावडं उचललं आणि फोनकडं वाकून म्हणाला, "ठेवू नका मॅडम. खात्री तुमच्याच कानानं करून घ्या."