हब काही झोपेना

चार वाजता साहेबांना दाखवायचं होतं आणि सुप्रियाचा यूएसबी हब, म्हणजे एका वायरीवर अनेक यंत्रं जोडायची डबी, झोपत नव्हता. जोडलेलं काहीच चालू नसेल तर हबनं वीज वाचवायला झोपावं, असा ड्रायव्हर, म्हणजे हब चालवणारा प्रोग्राम, माझ्या या नातीनं लासुर्ण्याच्या घरी बसून लिहिला होता.

“आज्जी, सगळं बंद हाय, तरी हा जागाच!”

“अगं, उसाला पाटाचं पाणी पोचलं न्हाय, की तुझे पणजोबा पाटाच्या कडंकडंनं चालत जायचे. मधी कुणीतरी चोरून पाणी धरलेलं असायचं. वर म्हणायचा, ‘दोनच सऱ्या राहिल्यात, आबा!’ तूबी वायरीमागं जा की.”

ती वायर धरून निघाली. टेबलामागून थेट माझ्या पलंगापाशी आली आणि तिनं उशी उचलली. खाली माझा मोबाईल चार्ज होत होता.



मी म्हटलं, “दोनच टक्के राहिलेत, बाई!”